गट कशाने टिकतो?

मागच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही गणिताचा एक गट काढला आणि बावीस दिवसांत तो बंद पाडला. 'बंद पडला' असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. त्यात माझा हात होता.

शाळेत मोबाइल नसतो, सुट्टीत घरी असतो. आमच्यापैकी कुणी लातूरला, कुणी बेळगावला, कुणी जोधपूरला आणि मी गुरुग्रामला. प्रेपच्या वेळी आपण शेजारच्या डेस्ककडे वाकून शंका विचारतो, तशी लांबूनही विचारता यावी एवढाच हेतू होता. आमच्या हाउसमधले दहावीचे आणि नववीचे मिळून ३१ कॅडेट त्यात आले. नाव ठेवले 'गणित शंका'.

पहिला आठवडा छान गेला. रोज पाच-सहा उदाहरणे यायची आणि रात्रीपर्यंत सुटायची. नवव्या दिवशी नववीतल्या एकाने विचारले, "शून्याने भागता का येत नाही?" मी लिहिले, "नववीत आलास तरी हे माहीत नाही?" आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. माझ्यामागून आणखी अकरा जण हसले. त्या मुलाने पुन्हा काही विचारले नाही. हळूहळू बाकीच्यांनीही विचारणे सोडले. बाविसाव्या दिवशी गटावर फक्त क्रिकेटच्या धावा येत होत्या.

तेव्हा मी म्हणालो, मुलांना अभ्यासच नको आहे. पुढे हिवाळी सुट्टीत काही गोष्टी पाहिल्या, काही वाचल्या आणि खरे कारण लक्षात आले. एकाच कामातली माणसे लांब लांब राहूनही एकमेकांना शिकवतात, असे गट जगात पुष्कळ आहेत. त्यातले काही वर्षानुवर्षे टिकतात, बरेचसे आमच्यासारखे विझतात. टिकणाऱ्यांकडे काय असते, ते या लेखात मांडतो.

१. काम एकच असावे

माझे बाबा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता गुरुग्राममधल्या एका ऑफिसच्या इमारतीत सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. त्यांच्या पलटणीतल्या निवृत्त जवानांचा एक गट आहे. कुणी गावी शेती करतो, कुणी पुण्यात बँकेच्या दारावर उभा असतो, कुणी बाबांसारखा दिल्लीकडे असतो. संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला राहिला की पेन्शन अडकते. कागदावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी काम अडते.

डिसेंबरमध्ये एका रात्री जेवताना बाबांचा मोबाइल वाजला. त्यांच्या एका दिवंगत साथीदाराच्या पत्नीने गटावर लिहिले होते, की दोन महिने पैसे आले नाहीत आणि कुठे जायचे ते कळत नाही. दहा मिनिटांत पलटणीच्या जुन्या क्लार्कसाहेबांचे उत्तर आले. कोणते कागद घ्यायचे, कुठे जायचे, तिथे काय म्हणायचे, सगळे क्रमाने लिहिलेले. त्यांच्या तालुक्यातल्या एका काकांनी खाली लिहिले, "वहिनी, सकाळी नऊला येतो, सोबत जाऊ."

मी बाबांना विचारले, "हा गट चालतो कसा? इतर गटांवर तर नुसती फुले असतात." बाबा हसले आणि म्हणाले, "फुलांचा गट वेगळा आहे." खरोखरच आहे. सुप्रभात, सण, वाढदिवस आणि राजकारण त्या दुसऱ्या गटावर चालते. पेन्शनच्या गटावर क्लार्कसाहेबांचे चार नियम आहेत. कामाचेच लिहायचे. माहीत असेल तरच सांगायचे, नुसते कानावर आले असेल तर 'ऐकीव' असे आधी लिहायचे. आधार क्रमांक किंवा बँक खाते गटावर टाकायचे नाही. आणि प्रश्न सुटला, की ज्याने विचारला त्यानेच तो कसा सुटला ते लिहायचे. शेवटचा नियम मला सगळ्यांत हुशारीचा वाटला. एकाची अडचण सुटली, की पुढच्या दहा जणांसाठी वाट तयार होते.

त्या गटावर बहुतेक जण गप्प असतात. आधी मला हा दोष वाटला. पण जेकब नीलसन या अभ्यासकाने २००६ साली एक ढोबळ हिशेब मांडला होता : ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला १ टक्का बहुतेक सगळे लिखाण करतो. म्हणजे गप्प बसणारे वाईट नसतात, ते वाचत असतात. काळजी करायची ती कालपर्यंत विचारणारा आज गप्प झाला तर. आमच्या गटात नेमके तेच झाले होते.

२. ओसरीवरच्या गप्पा

दुसरे उदाहरण सैन्यातलेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकी सैन्यात नेट ॲलन आणि टोनी बर्जेस हे दोन तरुण अधिकारी हवाईमध्ये शेजारी राहत होते. दोघांकडे एकेका कंपनीची कमान होती. कंपनी कमांडर म्हणजे शंभर-सव्वाशे जवानांचा प्रमुख. वय तिशीच्या आत, जबाबदारी मोठी आणि ते काम पूर्वी कधीच केलेले नाही. संध्याकाळी दोघे घराच्या ओसरीवर बसून दिवसभराचे बोलायचे : आज काय चुकले, तुझ्याकडे असे झाले तेव्हा तू काय केलेस. या गप्पांतून आपण सर्वांत जास्त शिकतो, हे त्यांच्या लक्षात आले.

पुढे २००० साली त्यांनी काही मित्रांबरोबर 'कंपनी कमांड' नावाची जागा इंटरनेटवर उघडली. ती वरून आलेल्या हुकमाने निघाली नव्हती. कमांडरांनी कमांडरांसाठी काढली होती. पुढे २००२ मध्ये ती सैन्याच्या स्वतःच्या जाळ्यावर गेली. तिथे जे कमांडर होते, आज आहेत किंवा लवकरच होणार आहेत, त्यांनाच प्रवेश होता. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला 'आपले हसे होईल' ही धास्ती कमी होती, कारण उत्तर देणारा कालच त्याच खड्ड्यात पडून उठलेला असे. विषयही पुस्तकी नव्हते. जवानाच्या घरी भांडण आहे, काय करू? माझा जवान मारला गेला, त्याच्या आईवडिलांना पत्र कसे लिहू? असल्या प्रश्नांना नियमावलीत उत्तर नसते. ते आधी या प्रसंगातून गेलेल्या माणसाकडेच असते.

इराकच्या युद्धात पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनने बगदादमध्ये असेच एक अंतर्गत जाळे चालवले, त्याचे नाव 'कॅव्हनेट'. भिंतीवरच्या पोस्टरमागे स्फोटके लपवलेली असतात, अशी सूचना एका तुकडीने त्यावर टाकली. दुसऱ्या तुकडीच्या लेफ्टनंटने ती वाचली आणि गस्तीला निघण्यापूर्वी आपल्या जवानांना सांगितली. त्यांनी पोस्टर फाडण्याआधी मागे पाहिले, तर खरोखरच स्फोटक होते. नियमावली छापून येईपर्यंत थांबले असते, तर काही जण घरी परतले नसते.

यातून मी दोन गोष्टी टिपल्या. एक, गट जिवंत राहतो तो आजच्या, ताज्या अनुभवावर. दुसरी, ऑनलाइन गटाची मुळे बहुधा समोरासमोरच्या ओळखीत असतात. आधी ओसरी होती, मग संकेतस्थळ आले. बाबांच्या गटातही आधी पलटण होती.

३. सुलतानपूरचा करकोचा

तिसरा धडा मला गुरुग्राममध्येच मिळाला. गुरुग्राम म्हटले की लोकांना काचेच्या उंच इमारती आठवतात. पण शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर, फरुखनगरच्या रस्त्याला सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या तळ्याला २०२१ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी येतात. बाबांना सुट्टी मिळाली की आम्ही भल्या पहाटे निघतो. धुके इतके असते, की आधी फक्त आवाज येतात. ऊन आले की थापट्या, चमच्या, जांभळ्या पाणकोंबड्या, काळेकुळकुळीत वारकरी आणि कधी सारसांची जोडी दिसते.

आम्ही आमच्या नोंदी 'ई-बर्ड'वर टाकतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये हे काम सुरू केले. कुणीही नोंद करू शकतो : जागा, तारीख, किती वेळ पाहिले, किती अंतर चाललो आणि कोणत्या जातीचे किती पक्षी दिसले. त्यात शास्त्रज्ञ आहेत, वनखात्यातले लोक आहेत आणि माझ्यासारखे नवशिकेही. मग चुका होत नाहीत का? होतात, आणि त्यासाठीच एक पद्धत आहे. त्या भागात त्या महिन्यात न आढळणारा पक्षी किंवा फार मोठा आकडा कुणी टाकला, की यंत्रणा नोंदीला खूण करते. मग त्या भागातला जाणकार स्वयंसेवक ती तपासतो आणि लागले तर नोंद करणाऱ्याला विचारतो.

मी अशीच एक चूक केली. तळ्याच्या कडेला मळकट राखाडी रंगाचा एक मोठा करकोचा उभा होता. मी पुस्तक चाळले आणि रुबाबात 'छोटा क्षत्रबलाक' अशी नोंद केली. गुरुग्रामला तो दिसणे म्हणजे बातमीच. दोन दिवसांनी एक पत्र आले. मला वाटले, आता बोलणी बसणार. पत्रात आधी नोंदीबद्दल आभार होते. मग दोन प्रश्न : चोच जाड आणि सरळ होती, की टोकाशी किंचित खाली वाकलेली? आणि आसपास चित्रबलाक होते का? फोटो असेल तर जोडावा, असेही लिहिले होते.

बाबांनी काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चोच टोकाशी वाकलेली होती. मागच्या झाडांवर चित्रबलाकांचा थवा होता. मोठ्या चित्रबलाकाच्या पंखांना गुलाबी छटा असते, पण पिल्लाचा रंग मळकट असतो. मी दुर्मीळ पक्षी नव्हे, एक पोरसवदा चित्रबलाक पाहिला होता. नोंद सुधारली आणि तसे कळवले. उत्तर आले, की ही चूक सुरुवातीला पुष्कळांकडून होते, आणि पिल्लू दिसले ही नोंदही मोलाची आहे, कारण त्यावरून त्यांची वीण झाल्याचे कळते.

त्या माणसाला मी ओळखत नाही. 'एवढेही कळत नाही?' असे त्याला एका ओळीत लिहिता आले असते. तसे लिहिले असते तर मी पुन्हा नोंद टाकली नसती, आणि पुन्हा चोचीकडे निरखून पाहिलेही नसते. मोबाइल हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. मला शून्याने भागणारा तो मुलगा आठवत होता.

अशा नोंदींचे पुढे काय होते, तेही सांगायला हवे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवरून तयार झाला. त्यात ९४२ जातींचा विचार आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या आहेत. एकट्या माणसाला हे कधीच कळले नसते. आपण लिहिलेली ओळ कुठेतरी उपयोगी पडते, हे दिसले की माणूस पुन्हा लिहितो.

४. धूळपाटी आणि नाव

आपल्या मराठीतही एक चांगले उदाहरण आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथे चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात, आणि नवख्याने लिहिण्याचा सराव करण्याच्या जागेला 'धूळपाटी'. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत, चुकले की हात फिरवला, पाटी कोरी. तिथे काहीही चुकले तरी कुणी रागावत नाही. आपल्याकडे ड्रिल स्क्वेअरवर पहिल्या दिवशी कुणाचे पाऊल बरोबर पडते? परेडच्या आधी महिनाभर सराव असतो तो यासाठीच. प्रत्येक गटाला अशी एक धूळपाटी हवी.

दुसरी गोष्ट नावाची. झेरॉक्स कंपनीचे तंत्रज्ञ गावोगावी जाऊन यंत्रे दुरुस्त करत. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले, की अवघड बिघाड ते पुस्तकातून कमी आणि एकमेकांना किस्से सांगून जास्त शिकतात. पुढे कंपनीने 'युरेका' नावाची व्यवस्था केली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि मग ती सर्वांसाठी खुली व्हायची. युक्तीबरोबर पैसे मिळत नसत, लिहिणाऱ्याचे नाव लागत असे. तेवढे पुरत असे. हाउसच्या फलकावर आपले नाव लागले की कसे वाटते, ते आपल्याला माहीत आहे.

५. काय सांगू नये

आपण उद्या गणवेश घालणार आहोत, म्हणून हा मुद्दा वेगळा लिहितो. सगळेच सगळ्यांना सांगणे म्हणजे चांगला गट नव्हे. जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने जवान आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सैन्याने 'साई' हे स्वतःचे सुरक्षित संदेश ॲप आणले. तुकडी कुठे आहे, सुट्टी कधी आहे, मागे कोणती गाडी उभी आहे, असल्या किरकोळ तुकड्यांतून शत्रू पूर्ण चित्र जुळवतो. अनुभव वाटावा, ठावठिकाणा नाही. क्लार्कसाहेबांचा तिसरा नियम याच जातीचा आहे.

६. पुन्हा शून्य

जानेवारीत शाळेत परतल्यावर संध्याकाळच्या खेळानंतर मी त्या मुलाला गाठले आणि माफी मागितली. तो अटेन्शनमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "सोडा ना, सर." मी विचारले, "उत्तर मिळाले का पुढे?" तो म्हणाला, "नाही सर. पुन्हा विचारलेच नाही."

मग मी त्याला समजावायला गेलो आणि माझीच फजिती झाली. 'नियम आहे', 'अव्याख्यात असते' यापलीकडे मला काही सांगता येईना. म्हणजे ज्या प्रश्नाला मी हसलो होतो, त्याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. हसलेल्या उरलेल्या अकरांपैकी चौघांना विचारले, त्यांच्याकडेही नव्हते. शेवटी आम्ही दोघे मिळून गणिताच्या सरांकडे गेलो.

सर म्हणाले, भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. सहा भागिले दोन म्हणजे दोनाला कितीने गुणल्यावर सहा येतील? तीनाने. आता सहा भागिले शून्य. शून्याला कितीने गुणल्यावर सहा येतील? कशानेही नाही, म्हणून उत्तरच नाही. आणि शून्य भागिले शून्य? शून्याला कोणत्याही संख्येने गुणा, शून्यच येते. म्हणजे तिथे कोणतीही संख्या चालते, आणि जिथे कोणतीही चालते तिथे ठरलेले उत्तर नसते. दोन मिनिटांचे काम. आमच्या ३१ जणांच्या गटाला ते मे महिन्यातच मिळाले असते, जर मी हसलो नसतो.

येत्या उन्हाळ्यात गट पुन्हा काढायचे ठरले आहे. नियम या लेखातूनच घेतले आहेत : फक्त गणित, क्रिकेटला वेगळा गट. उत्तर अंदाजाचे असेल तर 'अंदाज' लिहायचे. कुणाचाही फोटो, पत्ता, प्रवासाची तारीख टाकायची नाही. ज्याची शंका सुटेल त्याने ती कशी सुटली ते वहीत उतरवायचे, त्याखाली सांगणाऱ्याचे नाव लिहायचे, आणि शाळा सुरू झाली की ती वही हाउसच्या कॉमन रूममध्ये ठेवायची. गटाचा प्रमुख मी नाही. तो नववीतला मुलगा आहे, तोवर तो दहावीत गेलेला असेल.

पहिला प्रश्न मात्र मी विचारणार आहे. ऋण गुणिले ऋण धन का होते? नियम मला पाठ आहे. कारण माहीत नाही. हसायचे असेल त्यांनी आधी कारण लिहावे.